डेंग्यूच्या रुग्णाला पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल द्यावी का?

निपाणी तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे वडील ६६ वर्षांचे, तंबाखू आणि ऊस करणारे शेतकरी आहेत. त्यांना मधुमेह आहे, आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. पाच दिवसांपूर्वी ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला आणि काल प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची, संख्या ६८ हजार आली. घरी आत्या सकाळ-संध्याकाळ पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा देत आहेत, शेजाऱ्यांनी शेळीचे दूध सुचवले आहे. डॉक्टरांनी ‘झाडपाला अजिबात नको’ एवढेच सांगितल्यामुळे रस चालू असल्याचे त्यांच्या कानावर घातलेले नाही. ताप आज सकाळी उतरला आहे. डॉक्टर म्हणतात या विषाणूवर औषध नाही, आत्या म्हणतात औषध दारात उगवले आहे. मग ऐकायचे कोणाचे, असे या गृहस्थांनी विचारले आहे.

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून खानापूर तालुक्यात सत्तावीस वर्षे रुग्ण पाहत आहे. वनस्पती हेच माझे रोजचे साधन आहे, आणि तरीही माझे उत्तर असे आहे की रस आणि काढा दोन्ही आजच थांबवावेत, आतापर्यंत काय काय दिले ते डॉक्टरांना आजच सांगावे, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त न होता वडिलांना रुग्णालयात दाखल करून पुढचे दोन दिवस देखरेखीखाली ठेवावे. वय, मधुमेह, स्टेंट आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी या चार गोष्टी एकत्र असताना घरी थांबणे योग्य नाही. ती गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. स्टेंट असलेल्या माणसाची गोळी अचानक तोडण्यातही धोका असतो, म्हणून तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. इतके करून मग पुढचे वाचावे.

या प्रश्नाच्या मुळाशी मला वेगळीच अडचण दिसते. वनस्पती चांगली की वाईट, हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. कोणता विषाणू आहे, आजाराचा कितवा दिवस आहे, रुग्ण आधीपासून काय घेतो आहे आणि हातात आलेली वनस्पती नक्की कोणती आहे, हे चार धागे जुळल्याशिवाय मी कोणाला साधी तुळसही सांगत नाही. आपल्याकडे मात्र ‘व्हायरल’ हा एकच शब्द सर्दीपासून काविळीपर्यंत सगळ्याला लावला जातो, आणि त्या एका शब्दावर एकच काढा ठरतो.

डेंग्यूच्या दिवसांचे गणित आधी समजून घेतले पाहिजे. पहिले दोन ते सात दिवस ताप असतो. खरा धोका ताप उतरण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. या काळात रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातला पाण्याचा भाग पोटात आणि छातीत उतरतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब ढासळू शकतो. हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो आणि तो निभावला की बहुतेक माणसे भराभर सुधारतात. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण ‘पेशी किती?’ एवढेच विचारतो. मी अहवाल हातात घेतला की प्लेटलेटच्या शेजारचा पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), आधी पाहतो. तो आकडा मूळच्या मानाने वीस टक्क्यांनी वाढला असेल, समजा ४० वरून ४८ वर गेला असेल, तर प्लेटलेट ९० हजार असूनही मला त्या रुग्णाची काळजी वाटते.

हे मी एका चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत जांबोटीकडच्या एका तरुणाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, तेव्हा मी त्याच्या आईला ‘आता काळजी नाही, पेज द्या आणि झोपू द्या’ असे सांगून घरी पाठवले. मध्यरात्री ती माणसे परत आली तेव्हा त्याचे हातपाय थंड पडले होते, पोट दुखत होते आणि तो दिवसभर लघवीला गेला नव्हता, हे मला तेव्हा कळले. त्याला बेळगावला नेईपर्यंतचा एक तास मला अजून आठवतो. तो वाचला. झोपलेला वाटणारा तो मुलगा खरे तर ग्लानीत होता, आणि ते ओळखणे माझे काम होते. तेव्हापासून ताप उतरला की मी घरच्यांना लघवीची वेळ कागदावर लिहायला लावतो. चार ते सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही, पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौच काळी झाली, माणूस सुस्त किंवा उगाच अस्वस्थ झाला, तर मला फोनसुद्धा करू नका, गाडी काढा, असे सांगतो.

आता पपईकडे येऊ. पपईच्या पानांबद्दलचा विश्वास निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मलेशियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात २२८ रुग्ण घेतले होते आणि त्यांतल्या निम्म्यांना ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस दिवसातून एकदा, न्याहारीनंतर, असा तीन दिवस दिला होता. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट चाळीस ते अठ्ठेचाळीस तासांत अधिक वाढलेल्या दिसल्या. पुढे आपल्या देशातही अशी कामे झाली आणि पपईच्या अर्काच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळू लागल्या. परंतु प्लेटलेट वाढणे आणि रक्तवाहिन्यांचे पाझरणे थांबणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डेंग्यूत माणूस बहुधा पाझरण्याने दगावतो, आणि पपईच्या रसाने ते पाझरणे थांबते असे कोणी दाखवलेले नाही. शिवाय सातव्या-आठव्या दिवसापासून प्लेटलेट आपोआप वर चढतातच, त्यामुळे सहाव्या दिवशी रस सुरू केलेल्या प्रत्येक घराला तो लागू पडल्यासारखा वाटतो.

वडिलांच्या बाबतीत माझा आक्षेप आणखी नेमका आहे. रस अतिशय कडू असतो आणि त्याने मळमळ आणि उलटी होते. मग उलटी रसाने झाली की आजार वाढल्याने झाली, हे ठरवायचे कसे? धोक्याच्या दोन दिवसांत आपण स्वतःच एक खोटी खूण तयार करतो. दुसरे म्हणजे पपईची पाने आणि गुळवेल या दोन्हींत रक्तातील साखर उतरवण्याचा गुण आहे. मधुमेहाची गोळी चालू, तोंडाला चव नसल्याने जेवण अर्धे, आणि वर हे दोन रस, अशा स्थितीत साखर एकदम खाली गेली तर येणारा घाम आणि ग्लानी डेंग्यूच्या ग्लानीसारखीच दिसते. तिसरी गोष्ट आपल्या भागातली आहे. पपई बागेतली असेल तर तिच्यावर विषाणूरोग पसरवणाऱ्या माव्यासाठी वरचेवर फवारणी झालेली असते. शेताच्या बांधावरच्या गुळवेलीवर ऊस-तंबाखूच्या फवाऱ्याचे तुषार येतात. पान आणले कुठून आणि त्या रानात शेवटचे औषध कधी मारले, हे मी विचारतो तेव्हा लोकांना नवल वाटते, पण फवारलेल्या पानाचा रस हा औषधाबरोबर विषही पोटात नेतो.

शेळीच्या दुधाबद्दल एकच वाक्य पुरे: ते कच्चे पिऊ नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळणारा दुसरा ताप आहे.

गुळवेलीविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ती मी स्वतः वापरतो. जुन्या ग्रंथांनी तिला अमृता म्हटले आहे, आपले कन्नड बोलणारे शेजारीही तिला अमृतबळ्ळी म्हणतात, आणि जुनाट ताप, अशक्तपणा, भूक मंदावणे यांत तिचा उपयोग मी शेकडो रुग्णांत पाहिला आहे. असे असले तरी कोविडच्या काळात लोकांनी ती रोज, महिनोन्‌महिने, कोणालाही न विचारता घेतली. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. त्यांतल्या अनेकांचा आजार शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याच्या प्रकारातला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर असे म्हटले की गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल अशा वेळी घेतली गेलेली असू शकते.

माझ्या अनुभवाने दोन्ही बाजूंना तथ्य आहे. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडच्या एका बाईंनी ‘आमच्या दारची गुळवेल’ म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांडे आणली. पाने काढून टाकलेली होती. खऱ्या गुळवेलीच्या कांडावरची पातळ साल नखाने सोलली की खाली हिरवा गर लागतो आणि आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. या कांडावर बोट फिरवले तर चामखिळींसारख्या दाट गाठी हाताला लागत होत्या. मी त्यांना पाने आणि जमलेच तर फळांसकट वेलीचा तुकडा घेऊन यायला सांगितले आणि तोवर काढा बंद करवला. पाने हृदयाच्या आकाराची होती खरी, पण हृदयाच्या आकाराची पाने आपल्या रानात कितीतरी वेलींना असतात. ती वेल मी वापरू दिली नाही. म्हणून वेल ओळखणाऱ्याला दाखवायची असेल तर पाने असलेला तुकडा न्यावा, नुसते कांड नेऊ नये.

डेंग्यूत यकृताची एसजीओटी आणि एसजीपीटी ही मूल्ये बहुधा वाढलेलीच असतात. त्यात काढा चालू राहिला आणि मूल्ये आणखी चढली, तर विषाणूमुळे की काढ्यामुळे हे डॉक्टरांना सांगता येत नाही. त्यामुळे ताप चालू असताना मी गुळवेल देत नाही. ताप जाऊन आठवडा झाला, भूक लागत नाही, जिना चढताना पाय थरथरतात, अशा वेळी यकृताची मूल्ये उतरलेली पाहून करंगळीएवढ्या जाडीच्या कांडाचा चार बोटे लांबीचा तुकडा ठेचून, दोन कप पाण्यात आटवून अर्धा कप करून, सकाळी एकदा, असा पंधरा दिवस देतो आणि थांबवतो. संधिवात, थायरॉइडची किंवा त्वचेची स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची) व्याधी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना तेवढीही देत नाही.

वनस्पतीची जागा कुठे असते याचे सर्वांत चांगले उदाहरण मला चिकुनगुन्याने दिले. २००६ साली कर्नाटकात त्याची मोठी साथ होती आणि आमच्या भागातली घरेच्या घरे अंथरुणाला खिळली होती. या आजाराचे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आले आहे आणि त्याचा अर्थच वेदनेने वाकून चालणे असा आहे. त्या वर्षी सकाळी नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका पाहून तो अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. ताप चार-पाच दिवसांत जाई, पण घोटे, मनगटे आणि बोटांची पेरे महिनोन्‌महिने सुजलेली राहत. विषाणू अंगातून गेलेला आणि सांध्यांतली सूज उरलेली, अशी ती अवस्था होती. तिथे निर्गुडीने फार मोठी साथ दिली. निर्गुडीची पाने लोखंडी तव्यावर एरंडेलाचे बोट फिरवून गरम करायची, कोमेजून काळपट झाली की सोसवेल इतक्या उष्णतेवर सांध्याला लावून जुन्या धोतराच्या पट्टीने बांधायची, आणि सकाळी सोडायची. एक म्हातारी आजी तिसऱ्या आठवड्यात मला मूठ वळून दाखवायला आली. तोवर तिला भाकरी थापता येत नव्हती. निर्गुडीने चिकुनगुन्याचा विषाणू मारला असे मी कधी म्हटले नाही. तिने सूज आणि ताठरपणा कमी केला, आणि त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या कमी घ्याव्या लागल्या, हे पोटाच्या आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने थोडे नव्हते. इथे एक खबरदारी महत्त्वाची आहे: पहिल्या आठवड्यात चिकुनगुन्या आणि डेंग्यू सारखेच दिसतात, म्हणून डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी गोळी घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन ही औषधे डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात.

काविळीबद्दल याच ओघात लिहितो, कारण विषाणूजन्य आजारांत झाडपाल्यावर सर्वांत जास्त भिस्त आपल्याकडे काविळीतच असते. दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून ती उतरवणाऱ्या प्रत्येकाला यश मिळते. भुईआवळी, जिला कन्नडमध्ये नेलनेल्ली म्हणतात, ती काविळीच्या विषाणूंच्या बाबतीत जगभर तपासली गेली. १९८८ साली मद्रासमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले की हिपॅटायटिस बीचा, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा, विषाणू दीर्घकाळ बाळगणाऱ्या ३७ जणांना ती दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, तर निष्क्रिय औषध घेतलेल्या २३ जणांपैकी एकाचीच झाली. त्या बातमीने आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता. नंतरच्या चाचण्यांत तसे यश पुन्हा मिळाले नाही. मी विद्यार्थ्यांना हे दोन्ही सांगतो, कारण पहिले तेवढे सांगून थांबणे ही रुग्णाची फसवणूक होते. माझी रीत अशी आहे की काविळीचा रुग्ण आला की आधी अ, बी, सी आणि ई यांच्या तपासण्या करवतो. अ असेल, रुग्ण तरुण आणि धडधाकट असेल, उलट्या नसतील, तर भूक लागण्यासाठी थोडी भुईआवळी देतो आणि आठवड्याने रक्त पुन्हा पाहतो. बी किंवा सी निघाला तर सरळ सरकारी केंद्राकडे पाठवतो. सी आज सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. गरोदर बाईला कावीळ झाली असेल तर एक दिवसही झाडपाल्यावर घालवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव घेऊ शकते. काविळीवर मनगटाला डाग देणे आणि नाकात रस टाकून पिवळे पाणी काढणे हे प्रकार तर पूर्ण थांबले पाहिजेत. त्या रसाने नाकाचे अस्तर भाजते आणि जे पिवळे पाणी गळते ते यकृतातून आलेले नसते.

वेळ गेल्याने काय होते हे मला नागिणीच्या एका रुग्णाने शिकवले. संकेश्वरकडच्या साठीच्या एका बाईंच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड उठले होते. गावात कोणीतरी गेरू आणि पाल्याचा लेप लावून ‘शेपूट तोंडाला मिळू दिली नाही म्हणजे झाले’ असे सांगितले आणि पाच दिवस गेले. नाकाच्या शेंड्यावर फोड येणे म्हणजे डोळ्याकडे जाणारी नस बाधित झाल्याची खूण असते. त्या आल्या तेव्हा डोळा लालभडक होता, आणि पुढे नेत्रतज्ज्ञांनी बरेच करूनही त्या डोळ्याची नजर अधू राहिली. नागिणीवर ॲसायक्लोव्हिरसारखी विषाणूरोधक औषधे आहेत आणि ती फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर अधिक उपयोगी पडतात. त्या लेपातल्या मातीने काही बिघडवले नसेल, पण त्या लेपाने ते ७२ तास नेले. फोडांवर बिब्बा लावलेले रुग्णही मी पाहतो; त्याने मूळ फोडांपेक्षा मोठी जखम होते.

सर्दी-खोकल्याचे विषाणू मात्र आठवड्याभरात आपले आपण जातात, आणि तिथे तुळस, आले, हळदीचे दूध यांनी घशाला आराम पडत असेल तर माझी हरकत नाही. अडुळशाचा तर मी चाहता आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे आजचे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. गरोदरपणात मात्र अडुळसा नको, कारण तो गर्भाशयाचे आकुंचन करतो. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला, तर काढा बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

दोन आजारांत मी वनस्पतीचे नावही काढू देत नाही. कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट, चुना किंवा पाला भरणे आणि गावठी औषध प्यायला देणे अजून चालते. रेबीजची लक्षणे उमटली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस, जखमेतून रक्त आले असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे. दुसरा आजार खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या आणि काजूच्या हंगामात गोव्याकडे मजुरीला जाणाऱ्या लोकांसाठी सांगतो. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला आणि गोचिडीतून पसरणारा माकडताप आता सत्तरी, दोडामार्ग या आपल्या शेजारच्या भागांतही आढळला आहे. जंगलात माकडे मेलेली दिसली आणि नंतर जोराचा ताप, डोकेदुखी आली, तर काढा उकळत न बसता आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी जंगलात होतो’ हे वाक्य आधी सांगावे.

बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो आहे, जिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. देवीवर आपल्या पूर्वजांकडे कडुनिंबाच्या डहाळ्या होत्या आणि त्यांनी रुग्णाला थंडावा मिळाला असेलही, पण तो आजार जगातून गेला तो लसीने. त्याच बेळगावात आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिथे सह्याद्रीतल्या वनस्पती प्रयोगशाळेत तपासल्या जातात. दोन्ही वास्तूंबद्दल मला सारखाच आदर आहे. एखादी वनस्पती प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर विषाणूला रोखते अशी बातमी आली की लगेच पाला उकळायला घेऊ नये, एवढेच मी सांगतो, कारण बशीत वापरलेली मात्रा काढ्याने रक्तात पोहोचतेच असे नाही.

आता पुन्हा वडिलांकडे. डॉक्टरांनी झाडपाल्याला एका वाक्यात नकार दिला, याचे मला दुःख आहे. त्यांनी दोन मिनिटे समजावले असते तर आत्यांनी रस लपवून दिला नसता. पण लपवणे हे आत्ता सर्वांत धोक्याचे आहे. डॉक्टरांशी वाद घालायचा नाही, फक्त एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर तारखेसह लिहावे: पपईच्या किती पानांचा रस, किती वेळा, शेवटचा कधी; गुळवेलीचा काढा किती कप, वेल कुठली; मधुमेहाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे नाव, शेवटची मात्रा कधी घेतली. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर गुळवेलीऐवजी अमृतबळ्ळी लिहावे, म्हणजे समजायला अडचण येणार नाही. मग तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: पीसीव्ही काल किती होता आणि आज किती आहे, यकृताची मूल्ये तपासली का, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे काय करायचे. प्लेटलेट चढवण्याचा आग्रह आपण धरू नये. रक्तस्राव नसेल तर ती संख्या बरीच खाली, दहा हजारांच्या आसपास, जाईपर्यंत बहुधा चढवत नाहीत.

आत्यांना मी दोष देत नाही. भावासाठी पहाटे उठून पाने खुडणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने बसवू नये, त्यांना खरे उपयोगी काम द्यावे. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी चालेल ते सांगितले की त्या मापाने, कारण हृदयरुग्णाला अतिपाणीही सोसत नाही, त्यांनी नाचणीची पातळ आंबील, मीठ घातलेले ताक, मुगाचे कढण असे तासातासाला थोडे थोडे पाजावे आणि प्रत्येक वेळी किती पोटात गेले व लघवी किती वाजता झाली ते वहीत लिहावे. ती वही रोज सकाळी डॉक्टरांच्या हातात द्यावी. वडील घरी येऊन आठवडा झाला, यकृताची मूल्ये उतरली आणि साखर ताब्यात असली, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून गुळवेलीचा विचार करता येईल. तेव्हा वेलीचा तुकडा पानांसकट घेऊन या, मी पाहून सांगेन.